घरचा वकील नेमका कोणाचा?

प्रश्न : माझे सासर जासई आणि माहेर उरण तालुक्यातच. लग्नाला अकरा वर्षे झाली, एक मुलगी आहे. गेली दोन वर्षे मी माहेरी राहते. आता भांडायचेही काही उरलेले नाही, म्हणून दोघांनी संमतीने मोकळे व्हायचे ठरवले आहे. सासऱ्यांच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे सगळे काम ज्या वकिलांनी केले, तेच म्हणतात, “तुम्ही दोघे घरचीच माणसे. एका अर्जावर दोघांच्या सह्या घेतो, दोन वकिलांचा खर्च कशाला?” माणूस चांगला आहे. भांडणे सुरू झाली तेव्हा मी एकदा एकटीच त्यांच्याकडे गेले होते, सगळे सांगितले होते आणि पुढे काय करता येईल ते विचारले होते. त्यांनी फीसुद्धा घेतली नाही. आता माझा भाऊ म्हणतो, एकच वकील चालत नाही. खरेच चालत नाही का? आणि एक कुतूहल : आमच्या घरचा डॉक्टर एकच आहे, तो आम्हा दोघांनाही औषध देत आला. मग वकील एक का नको?
– एक वाचक भगिनी, जासई

उत्तर : ताई, आधी डॉक्टरांचे. तुमचा ताप उतरला म्हणून तुमच्या नवऱ्याचा चढत नाही. पोटगीच्या आकड्याचे मात्र तसेच असते : तुमच्या पदरात जे पडते ते त्यांच्या खिशातून जाते. मुलगी शनिवार-रविवार कोणाकडे, दागिने कोणाकडे, शाळेची फी कोण भरणार, या प्रत्येक ओळीत एकाचे कमी तर दुसऱ्याचे जास्त. दोघांना एकाच वेळी मनापासून सल्ला देणे इथे सज्जन माणसालाही जमत नाही.

आता कायदा. तुमच्या भावाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. वकिलांनी कसे वागावे याचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९६१ च्या अॅडव्होकेट्स कायद्याखाली केले आहेत. त्यातला ३३ वा नियम म्हणतो की एखाद्या प्रकरणात ज्याने एका पक्षकाराला सल्ला दिला, त्याचे कागद तयार केले किंवा त्याच्यातर्फे काम पाहिले, त्या वकिलाने त्या प्रकरणात विरुद्ध पक्षकारातर्फे उभे राहायचे नाही. पण परस्परसंमतीच्या घटस्फोटात कागदावर विरुद्ध पक्षकार नसतोच. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आलेल्या कलम १३-ब नुसार नवरा-बायको मिळून एकच अर्ज करतात आणि दोघेही अर्जदार असतात. त्यामुळे दोघांच्या वकालतनाम्यावर एकाच वकिलाचे नाव असले, तर कारकून तो अर्ज परत करत नाही. अशी कामे सर्रास होतात, आणि दोघांमध्ये खरोखरच काही वाटून घ्यायचे नसेल, दोघे नोकरी करणारे, मूल नाही, घर भाड्याचे, तर ती सुरळीत पारही पडतात.

तुमचे प्रकरण तसे नाही, आणि याचे कारण तो प्लॉट आहे.

जासईच्या वाचकांना साडेबारा टक्के म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, इतरांसाठी थोडक्यात. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन पेटले, १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज अशा भूखंडावर बहुधा बिल्डर येतो, नवी मुंबई वसवणारे महामंडळ सिडको, भूखंडधारक आणि बिल्डर यांच्यात त्रिपक्षीय करारनामा होतो, आणि त्या बदल्यात घरात पैसा किंवा फ्लॅट येतो. किती आला, कोणाच्या नावावर आला, सासऱ्यांनी मुलाला त्यातले काही बक्षीसपत्राने दिले का, हे घराबाहेर फार तर दोघांना माहीत असते : बिल्डरला आणि वकिलाला.

तुमच्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे. सासऱ्यांच्या प्लॉटमध्ये सून म्हणून तुमचा हिस्सा नाही. नवरा हयात असताना सून सासऱ्यांची वारस ठरत नाही. पण नवऱ्याच्या नावावर काय आहे आणि त्याचे उत्पन्न किती आहे यावर तुमच्या कायमच्या पोटगीचा आकडा ठरतो. मुलीच्या खर्चाचा आकडाही त्यावरच ठरतो. म्हणजे एकरकमी आकडा मान्य करण्याआधी तुम्हाला जे सर्वांत आधी समजायला हवे, ते या वकिलांना नेमके माहीत आहे. आणि ते त्यांना तुम्हाला सांगता येत नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने अशिलाच्या परवानगीशिवाय फोडायची नाही, हे बंधन पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. काम संपले तरी हे बंधन संपत नाही. सासरे त्यांचे जुने अशील. तुम्ही नव्या. तुम्हाला खरे सांगितले तर सासऱ्यांचा विश्वासघात, गप्प राहिले तर तुमचा. या कोंडीतून चांगुलपणाने वाट निघत नाही. उलट वकील जितका प्रामाणिक, तितकी ही कोंडी घट्ट.

म्हणून तुमच्यासाठी मला ३३ व्यापेक्षा १४ वा नियम महत्त्वाचा वाटतो, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. काम हाती घेताना आणि काम चालू असताना, पक्षकारांशी असलेला आपला संबंध आणि वादातला आपला कोणताही हितसंबंध वकिलाने अशिलाला उघड सांगितला पाहिजे, म्हणजे हा वकील नेमायचा की नाही, ठेवायचा की नाही, हे अशिलाला ठरवता येईल. “घरचीच माणसे” हे वाक्य त्या खुलाशाच्या जागी चालत नाही. तुम्ही सरळ विचारा : सासऱ्यांचे किंवा नवऱ्याचे कोणते काम तुमच्याकडे आजही चालू आहे? त्यांच्याकडून फी यायची आहे का? उद्या आमचे बिनसले तर तुम्ही कोणाकडे जाल? तिसऱ्या प्रश्नाला “कोणाकडेच नाही” हे एकच उत्तर नियमाला धरून आहे.

आता तुम्ही एकटीने घेतलेल्या त्या सल्ल्याकडे येऊ. तुम्ही ते पत्रात ओझरते लिहिले आहे, पण तुमच्या हातातला सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे. ३३ व्या नियमात फीचा उल्लेख नाही. वकालतनाम्याचीही अट नाही. दाव्याबाबत ‘सल्ला दिला’ एवढेच पुरते. घटस्फोटाच्या दिशेने काय करता येईल हे तुम्ही विचारले आणि त्यांनी सांगितले असेल, तर हा संमतीचा अर्ज फिसकटून प्रकरण कोर्टात लढायची वेळ आली, तर त्यांना तुमच्या नवऱ्याकडून उभे राहता येणार नाही. तुम्ही तेव्हा काय काय सांगितलेत हे आठवून पाहा. तुमचा पगार, माहेरच्यांची तयारी, तुम्ही किती रकमेवर राजी व्हाल. वाटाघाटीत समोरच्याच्या हाती हे असणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. ती भेट कधी झाली, कोणी सोबत होते का, फोनवर निरोप असतील तर ते, सगळे आजच जपून ठेवा.

(याच नियमाचा डाव करणारेही असतात. नवरा किंवा बायको गावातल्या प्रत्येक नावाजलेल्या वकिलाकडे जाऊन अर्ध्या तासाचा सल्ला घेऊन येते, म्हणजे दुसऱ्याला कोणी उरूच नये. जिथे मोजकेच वकील असतात अशा तालुक्याच्या कोर्टात हा डाव चालूनही जातो.)

अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या नात्यातल्या कोणी सांगितले असेल की तिकडे असे हितसंबंध आड येत असले तर अशिलाची समजून-उमजून दिलेली लेखी संमती घ्यावी लागते. तिथल्या बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत तशी तरतूद आहे, आणि काही बाबतींत तर संमतीनेही सूट मिळत नाही. आपल्या ३३ व्या नियमात संमतीचा हा दरवाजाच ठेवलेला नाही. वाचताना आपला नियम कडक वाटतो. व्यवहारात मात्र तो मोडला गेल्यावरच कोणाला आठवतो, आणि तोवर संमतीच्या अटींवर (कन्सेंट टर्म्सवर) सह्या झालेल्या असतात.

तुमच्या पत्रातल्या ‘माणूस चांगला आहे’ या वाक्यावर मी थोडा थांबलो. जासईत वकिलावरच्या विश्वासाला इतिहास आहे. दि. बा. पाटील याच गावचे, पेशाने वकील, आणि त्या आंदोलनात गावेच्या गावे त्यांच्या मागे उभी राहिली. तेव्हा एका बाजूला सगळी गावे होती आणि दुसऱ्या बाजूला सरकार. सगळ्यांचा एक वकील, एक नेता, हे तिथे शोभले, कारण गावकऱ्यांचे हित एकच होते. घर फुटते तेव्हा समोर सरकार नसते. तुम्ही आणि तुमचे पती, दोघेही प्रकल्पग्रस्त कुटुंबातले, दोघांचीही नावे त्याच रेशनकार्डावर असलेली, आणि तरी या एका कामात समोरासमोर. त्या वकिलांना हे दिसत नसेल, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे अजून तेच एक घर आहे. त्यांचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. वाईट हेतूची माणसे ओळखून टाळणे त्या मानाने सोपे असते.

मग करायचे काय? अर्ज संयुक्तच राहू द्या. एका अर्जाला दोन वकील चालतात. तुमच्या वकालतनाम्यावर तुमचा, नवऱ्याच्या वकालतनाम्यावर त्यांचा. याने भांडण वाढत नाही. खर्चाची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. रायगडचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागला आहे, तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. तिथून मिळालेल्या वकिलाने तुमच्याकडे फी मागायची नाही.

दुसरे, सहीआधी नवऱ्याच्या मालमत्तेचे आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र मागा. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीच्या सर्व प्रकरणांत दोन्ही बाजूंनी असे प्रतिज्ञापत्र द्यावे असा आदेश दिला. संमतीच्या अर्जात पोटगीचा वेगळा अर्ज नसतो, म्हणून ते सहसा कोणी मागत नाही. दोघांचा वकील तर नाहीच मागणार. तुमचा स्वतंत्र वकील पहिल्याच बैठकीत मागेल. हे प्रतिज्ञापत्र तुम्हालाही द्यावे लागेल, हे लक्षात असू द्या.

तिसरे, मुलीचे. तुमच्या अटींत ‘मुलीसाठी काहीही मागणार नाही’ असे वाक्य असेल तर ते खोडा. तिचा पालनपोषणाचा हक्क तिचा आहे, तुमच्या सहीने तो संपत नाही. पण तसे वाक्य लिहिलेले असले की पुढे तो मिळवताना पायऱ्या झिजवाव्या लागतात.

प्रश्न : आणि मी आधीच सही केली असेल तर? पत्र लिहून झाल्यावर वकिलांनी अर्ज दाखल केल्याचे कळले.
– तीच वाचक भगिनी

उत्तर : घाबरू नका, पण वेळही घालवू नका. संमतीच्या अर्जावर कोर्ट लगेच हुकूमनामा देत नाही. साधारणपणे सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांना पुन्हा यावे लागते. २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालापासून हा सहा महिन्यांचा काळ कोर्टाला माफ करता येतो. म्हणूनच ‘सहा महिने आहेत अजून’ असे धरून बसू नका. तुमच्या नावाने माफीचा अर्जही त्याच वकिलांनी दिला आहे का, ते आधी पाहा.

हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. हे सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ठरवले. त्यातल्या बाईंची तक्रार वाचण्यासारखी आहे : आपले म्हणणे दडपणाखाली नोंदवले गेले, अर्ज करण्याआधी आपल्या नातेवाइकांना भेटू दिले नाही, त्यांचा सल्लाही घेऊ दिला नाही. स्वतंत्र सल्ल्याविना दिलेली संमती किती पोकळ असते हे त्या प्रकरणात दिसते. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार संमती जबरदस्तीने, फसवून किंवा गैरवाजवी दडपणाने घेतलेली नाही, याची कोर्टाने खात्री करून घ्यायची असते. तेव्हा न्यायाधीश विचारतील, “स्वखुशीने करताय ना?” तिथे मान डोलावू नका. “मला माझा वेगळा वकील नेमायचा आहे, तारीख द्यावी,” एवढे मराठीतच सांगा. त्याने घटस्फोट मोडत नाही, फक्त पुढे जातो.

प्रश्न : वकील बदलायचा तर जुने वकील ना-हरकत देत नाहीत, फाइलही अडवून धरतात. फी बाकी असल्याचे सांगतात.
– एक वाचक, उरण

उत्तर : बाकी फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवता येत नाहीत. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. फी वसूल करायची तर त्यासाठी वेगळा मार्ग आहे, तुमचे विवाहाचे दाखले आणि पासबुके हे त्याचे तारण नव्हे. ना-हरकत घेण्याचा प्रघात चांगला आहे, पण ती मिळत नसेल तर वकील बदलण्याची परवानगी कोर्टाकडे मागता येते. आधी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा आणि पोचपावती ठेवा. तोंडी मागितल्याचा पुरावा उरत नाही.

प्रश्न : माझ्या नवऱ्याचा मावसभाऊच वकील आहे आणि तोच त्याची केस चालवतो. हे नियमात बसते का?
– एक वाचक, चिरले

उत्तर : बसते. पक्षकाराचा नातेवाईक असणे हा काही दोष नाही. तो तुमच्या नवऱ्याचाच वकील आहे आणि तसा उघड आहे. तो न्यायाधीशांचा जवळचा नातेवाईक असू नये, एवढेच. एक अपवाद मात्र तपासा. तुमच्या घरात झालेल्या एखाद्या प्रसंगाला तो हजर होता आणि साक्षीदार म्हणून त्याला बोलवावे लागेल असे दिसत असेल, तर त्याने ते काम घ्यायला नको होते. तसाही नियम आहे. मांडवात दागिने कोणी कोणाला दिले हे पाहणारा मावसभाऊ उद्या साक्षीला लागू शकतो.

प्रश्न : आमचे वकील म्हणतात, फी नको, पोटगीची एकरकमी रक्कम मिळेल त्यातले दहा टक्के द्या. जमिनीच्या वाढीव मोबदल्याच्या केसेसमध्ये सगळे असेच देतात.
– एक वाचक, पनवेल तालुका

उत्तर : टक्क्यांची भाषा आपल्या पट्ट्यात सवयीची झाली आहे, पण ती नियमाबाहेरची आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या २० व्या नियमाने मनाई आहे. बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही टक्केवारीच्या फीवर कडक ताशेरे ओढले. हाही हितसंबंधाचाच प्रश्न आहे, फक्त दुसऱ्या बाजूने येणारा. दहा टक्केवाल्या वकिलाला एकरकमी तडजोड प्यारी असते, कारण दरमहा पोटगीतून त्याला दहा टक्के कोण देणार? तुमच्यासाठी दरमहा पोटगी चांगली की एकरकमी, हा सल्ला त्याच्याकडून घेऊ नका. फी ठरवा, ती कामाच्या टप्प्यांनुसार ठरवा, आणि पावती मागा.

प्रश्न : वकील आधी माझा होता, मग नवऱ्याकडे गेला. ग्राहक मंचात जाऊ का?
– एक वाचक, पेण

उत्तर : नाही. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला आहे. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. ज्या कोर्टात प्रकरण चालू आहे तिथेच अर्ज द्या की या वकिलाने आधी मला सल्ला दिला आहे, त्याला विरुद्ध बाजूने उभे राहू देऊ नये. तातडीचा उपाय हाच. दुसरा रस्ता म्हणजे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे लेखी तक्रार. तीन जणांची शिस्तपालन समिती ती चालवते. समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते, पण तुमचे नुकसान भरून मिळत नाही. वर्षभरात तक्रारीचा निकाल लागला नाही तर ती दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. तेवढा धीर नसेल, तर पहिल्याच रस्त्यावर जोर लावा.

प्रश्न : आमच्याकडे अजून स्टँप पेपरवर काडीमोड लिहून देतात. नोटरी वकीलच दोघांचे वाचून दाखवतो आणि शिक्का मारतो. त्यात वकील एकच असतो, मग त्याला कोणी का विचारत नाही?
– एक वाचक, जासई

उत्तर : विचारले पाहिजे. रूढीने होणारा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने मोडीत काढलेला नाही, पण आपल्या समाजात तशी रूढी आहे हे सांगणाऱ्याने ती कोर्टात सिद्ध करावी लागते. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या २००२ च्या निकालाचा रोख हाच आहे. रूढी सिद्ध झाली नाही तर त्या कागदाने लग्न तुटत नाही. मग नवऱ्याने दुसरे लग्न केले तर ते बेकायदा ठरते, आणि बाईने केले तर तिचेही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयाने नोटरींना बजावले आहे की लग्नाचे किंवा घटस्फोटाचे लेख करून देणे हे त्यांचे काम नाही. त्या टेबलावर बसलेला माणूस ना तुमचा वकील असतो, ना नवऱ्याचा. त्याच्या शिक्क्यावर विसंबून रेशनकार्डावरून नाव कमी करायला किंवा सिडकोच्या फाइलीत ‘घटस्फोटित’ लिहायला जाऊ नका. तिथला बाबू हुकूमनाम्याची प्रत मागेल, आणि त्याचे बरोबर असेल.